दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब कसा करायचा?

लंडन ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर, किती वेळ, हे शोधून पाहा. एके ठिकाणी ५,५४० मिळतात, दुसरीकडे ५,५५४, तिसरीकडे ३,४४२ आणि चौथीकडे २,९९१. वेळेचं तर विचारूच नका. सहा तास, सात तास, आठ तास, काय हवं ते सापडतं. गंमत म्हणजे यातलं साफ चुकीचं असं जवळपास काहीच नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे आणि तो प्रश्न कोणता, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही.

म्हणून हा हिशेब स्वतः करायला शिकलेलं बरं. फार गणित लागत नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा: दोन विमानतळांमधलं अंतर एकदा काढलं की ते बदलत नाही, वेळ मात्र रोज बदलतो, त्याच मार्गावर आणि त्याच विमानाने. त्यामुळे आधी अंतर, मग वेळ आणि घड्याळाचा घोळ सगळ्यात शेवटी, हा क्रम सोडू नका. नवखे लोक उलटीकडून सुरू करतात. तिकिटावरची सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा करतात आणि मग तीन तासांत अटलांटिक कसा ओलांडला म्हणून चक्रावतात.

पायरी १: शहर नको, विमानतळ पक्का करा

लंडनला हीथ्रो आहे, गॅटविक आहे, स्टॅनस्टेड आहे. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि नदीपलीकडचं न्यूअर्क. टोकियोला हानेदा आणि नारिता. हजारो किलोमीटरच्या प्रवासात या विमानतळांमुळे अंतरात काही दहा-वीस किलोमीटरांचाच फरक पडतो, पण पुढचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असेल तर तो फरक चांगलाच महागात जातो. हानेदाहून नारिताला जायचं तर रस्त्याने सत्तरहून अधिक किलोमीटर पडतात.

यावर उपाय म्हणजे विमानतळाचा तीन अक्षरी कोड. हीथ्रो म्हणजे एलएचआर, न्यूयॉर्कचा जेएफके म्हणजे जेएफकेच, सिंगापूरचा चांगी म्हणजे एसआयएन. वैमानिक आणि हवाई नियंत्रक चार अक्षरी कोड वापरतात (हीथ्रोचा ईजीएलएल), पण प्रवाशाचं काम तीन अक्षरांत भागतं. नावांवर मात्र विसंबू नका. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेतल्या अलाबामातही (बीएचएम). कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात सिडनी नावाचं एक छोटं शहर आहे. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे जाऊन उतरल्याच्या बातम्या जगभर छापून आलेल्या आहेत. असा गोंधळ तिकीट काढतानाच पकडायचा असेल तर अंतराचा हिशेब उपयोगी पडतो. सिडनीला पोचायला युरोपातून सहा तास दाखवत असेल, तर ती सिडनी वेगळी.

पायरी २: अंतर काढा

पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा ज्या वाटेने जाईल तोच गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता. ही वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा छापला जातो तो बहुतेक वेळा याच वाटेचा असतो.

आता तो आकड्यांत काढू. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.

कृती अशी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.७८२३ गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.५०९५. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.६२२९ गुणिले ०.७५८८, म्हणजे ०.४७२७. याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने, म्हणजे ०.२८६९ ने गुणा. आले ०.१३५६. दोन्ही उत्तरांची बेरीज ०.६४५१. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन शोधा: सुमारे ४९.८३ अंश. पृथ्वीवर असा एक अंश म्हणजे १११.१९ किमी, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरतात. गुणाकार केला की ५,५४० किमी.

स्प्रेडशीटमध्ये हेच करायचं तर दोन जागी पाय घसरतो. एक म्हणजे स्प्रेडशीटला कोन अंशांत समजत नाही, रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतो, तेव्हा आधी रूपांतर करा. ही चूक लगेच दिसते, कारण उत्तर अगदीच भलतं येतं. दुसरी चूक जास्त लबाड आहे. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने लिहायचे असतात. समजा जेएफकेचं उणे चिन्ह लिहायचं राहिलं. मग तुमचं न्यूयॉर्क उचलून थेट किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन पडतं. पण लंडन शून्य रेखांशाला चिकटून असल्यामुळे तिथपर्यंतचं अंतरही सुमारे ५,६०० किमीच भरतं! आकडा पटण्यासारखा असतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे नवीन तक्ता बनवताना पहिली चाचणी लंडनवरून घेऊ नका. टोकियो-न्यूयॉर्क घ्या. तिथे चिन्ह चुकलं की उत्तर जवळपास निम्म्यावर येतं.

काही जोड्यांना सूत्रही लागत नाही. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत जवळपास १७८ अंशांचं अंतर आहे, म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ पृथ्वीच्या आमनेसामनेच्या रेखांशांवर. अशा वेळी सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. १८० अंशांतून दोन्ही अक्षांशांची बेरीज (१.३६ आणि ४०.६४, मिळून ४२) वजा करा. उरले १३८ अंश. १११.१९ ने गुणले की सुमारे १५,३४५ किमी. या मार्गावर थेट प्रवासी विमान आहे आणि जगातल्या सगळ्यात लांब नियमित उड्डाणांत त्याची गणना होते.

आता सुरुवातीच्या चार आकड्यांचं कोडं. ५,५४० हे पृथ्वी पूर्ण गोल धरून आलं. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. हा चपटेपणा हिशेबात घेतला की लंडन-न्यूयॉर्क ५,५५४ च्या आसपास जातं. दोन्ही पद्धतींत फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. प्रवाशाने त्याची फिकीर करायचं कारण नाही. ३,४४२ हे जमिनीवरच्या मैलांत आहे (१.६०९ किमीचा एक) आणि २,९९१ सागरी मैलांत (१.८५२ किमीचा एक). विमानवाहतुकीचा सगळा कारभार सागरी मैलांत आणि नॉटमध्ये (ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) चालतो. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर कोणते मैल ते आधी पाहा, कारण दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर वाढत नाही का, असं बरेच जण विचारतात. वाढतं, पण दर दहा हजार किलोमीटरला जेमतेम सतरा किलोमीटर. सोडून द्या.

पायरी ३: उत्तर पटतंय का, ते नकाशा न पाहता ठरवा

भिंतीवरचा सपाट नकाशा इथे हमखास फसवतो. सिडनी आणि चिलीमधलं सँटियागो घ्या. दोन्ही शहरं दक्षिणेला ३३ ते ३४ अक्षांशांच्या दरम्यान. नकाशात पाहिलं तर वाटतं, विमान सरळ पूर्वेला जाईल. तसं गेलं तर सुमारे १२,७७० किमी पडतील. बृहद्वृत्ताची वाट मात्र दक्षिणेला साठाव्या अक्षांशाच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या दिशेने वाकते आणि ११,३४० किमीत पोचते. चौदाशे किलोमीटर वाचले. विमानातल्या पडद्यावर तीच वाट धनुष्यासारखी दिसते आणि शेजारचा प्रवासी म्हणतो, एवढा वळसा कशाला?

पडताळणीसाठी एक मर्यादाही ध्यानात असू द्या. पृथ्वीचा अर्धा घेर सुमारे २०,०१५ किमी आहे, त्यामुळे कुठल्याही दोन विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर त्याहून जास्त असूच शकत नाही. ऑकलंडच्या जवळजवळ बरोबर उलट बाजूला दक्षिण स्पेन येतो. त्याहून लांब जायला पृथ्वीवर जागाच नाही. तुमच्या तक्त्यात २३,००० आलं असेल तर सूत्र तपासा.

पायरी ४: विमान प्रत्यक्षात कुठून जाईल?

आत्तापर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. विमान तेवढंच उडेल असं नाही. सर्वसाधारण मार्गावर तीन ते आठ टक्के वाढ धरून चला. धावपट्टी उलट दिशेला असते, वादळं टाळावी लागतात, हवाई मार्ग ठरलेले असतात. लंडन-न्यूयॉर्कला चार टक्के धरले तर ५,५४० चे ५,७६० होतात.

काही मार्गांवर मात्र टक्क्यांत बोलून भागत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे ७,८०० किमीचं अंतर फिनएअरची विमानं तोवर सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास पार करायची. मार्चमध्ये तीच विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ आपापल्या जागीच होते, अंतराच्या तक्त्यात एक किलोमीटरही बदललेला नव्हता. नुसतं अंतर पाहून वेळ सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

दुसरं कारण इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावरून जाताना ठरावीक वेळेत गाठता येईल असा एखादा विमानतळ टप्प्यात ठेवावा लागतो, म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर तिथे उतरता येईल. हा वेळ विमानाच्या प्रकारानुसार आणि कंपनीला मिळालेल्या परवानगीनुसार ठरतो. सिडनी-सँटियागोसारख्या मार्गावर, जिथे खाली हजारो किलोमीटर नुसता समुद्र आणि बर्फ आहे, तिथे हा नियम वाट आखताना थेट आडवा येतो.

आणि तिसरं कारण वारा. त्याला वेगळी पायरीच लागते.

पायरी ५: वारा आणि वेग

लांब पल्ल्याची आजची विमानं ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवरच्या उणे छप्पन अंश थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमीच्या आसपास असतो, म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किमी. कमी पल्ल्याची लहान विमानं थोडी सावकाश, ८३० च्या आसपास. पण हा वेग हवेच्या संदर्भात आहे. हवा स्वतःच पळत असेल तर तिचा वेग यात मिळवायचा किंवा वजा करायचा.

आणि हवा पळतेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किमी हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात कधीकधी तीनशेच्याही वर. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण १९२६ साली अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत. साऱ्या जगाला कळावं म्हणून निवडलेली भाषा, आणि वाचणारे विरळा!

८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री या वाऱ्याचा जोर लंडन-न्यूयॉर्क मार्गावर चांगलाच दिसला. अटलांटिकवर वादळ होतं, जेट स्ट्रीम जोरात होती आणि ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वेळापत्रकात याच प्रवासाला सात तासांच्या आसपास वेळ धरलेला असतो. त्याच वादळात उलट दिशेला निघालेल्यांना मात्र समोरून तोच वारा.

इथे एक जुना गैरसमज दूर करून टाकू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना मुक्कामाचं ठिकाण आपसूक जवळ येत असावं, असं अनेकांना वाटतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही इंजिनाच्या दिशेने चाला किंवा उलट, दहा पावलांना वेळ तेवढाच लागतो. फरक पडतो तो फक्त वाऱ्याने. आणि गंमत पाहा, वाऱ्यामुळे पश्चिमेला जातानाच जास्त वेळ लागतो.

जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळेल, हेही खरं नाही. ५,५४० किमी, वेग ९००, वारा ताशी १००. वाऱ्याबरोबर ५ तास ३२ मिनिटं, वाऱ्याविरुद्ध ६ तास ५६ मिनिटं. मिळून १२ तास २८ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या १२ तास १९ मिनिटांत झाल्या असत्या. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा फायद्याहून मोठा.

म्हणूनच मार्ग आखणारे किलोमीटर वाचवण्यापेक्षा तास वाचवायला बघतात. अटलांटिकवर तर वारा पाहून रोज नवे मार्ग जाहीर होतात, पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. आधी ते अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किमीच्या वाटेने जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमीच्या आसपास गेलं, पण पाठीशी वारा असल्याने विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून! सिंगापूर-न्यूयॉर्कचंही तसंच. तक्त्यातली वाट ध्रुवाजवळून जाते, पण न्यूयॉर्कला जाणारं विमान बहुतेक वेळा पॅसिफिकवरून पूर्वेकडे निघतं.

पायरी ६: चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंत

तिकिटावर जो प्रवासाचा वेळ छापलेला असतो तो हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून हललं की मोजणी सुरू आणि पोचल्यावर गेटला लागलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, तिथली रांग आली, उतरल्यावर पुन्हा रांगणं आलं. ॲमस्टरडॅमच्या एका लांबच्या धावपट्टीवर विमान उतरलं तर गेटपर्यंत यायलाच पाव तास जातो.

आता सगळं एकत्र करू. लंडन-न्यूयॉर्क, प्रत्यक्ष वाट ५,७६० किमी, वारा सरासरी ताशी ९० धरा. वाटेत काही ठिकाणी तो जास्त असतो, काही ठिकाणी कमी.

न्यूयॉर्कहून लंडनला: वेग ९९०, म्हणजे ५ तास ४९ मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान सावकाश असतं, त्याची वीस मिनिटं मिळवा. जमिनीवरची पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. झाले पावणेसात तास आणि वर थोडे.

लंडनहून न्यूयॉर्कला: वेग ८१०, म्हणजे ७ तास ७ मिनिटं. तीच वीस मिनिटं, जमिनीवरचा अर्धा तास. आठ तास.

वेळापत्रकं पाहा. पूर्वेला साधारण सात, पश्चिमेला साधारण आठ. वेळापत्रकात थोडी जास्तीची सैल जागा ठेवलेली असते, कारण पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर आलं असं धरण्याची प्रथा आहे. कंपन्यांना आपले आकडे चांगले दिसायला हवेच असतात. म्हणूनच सुटायला वीस मिनिटं उशीर झालेलं विमान अनेकदा वेळेवर पोचतं.

एवढं सगळं करायचं नसेल तर किलोमीटरला ९०० ने भागा आणि वर एक तास मिळवा. तीन हजार किलोमीटरच्या वर हा अंदाज बराच जुळतो, फक्त पूर्व-पश्चिम मार्गावर दिशेनुसार थोडं कमी-जास्त करायचं. हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासात मात्र हिशेब कोसळतो, कारण चढणं, उतरणं आणि रांगणं यातच निम्मा वेळ जातो.

पायरी ७: घड्याळ

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दोन वेळा थेट वजा करू नका. दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. अर्ध्या आणि पाऊण तासाचे फरक विसरू नका. भारत यूटीसीच्या ५:३० पुढे आहे आणि नेपाळ ५:४५.

खरा सापळा उन्हाळी वेळेचा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. शरद ऋतूत ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, पुन्हा तेच. दक्षिण गोलार्धात सगळं उलट चालतं, त्यामुळे लंडन-सिडनीचा फरक वर्षभरात ९, १० आणि ११ तास असा फिरतो. म्हणून ‘दोन शहरांतला फरक’ पाठ करू नका. प्रवासाच्या तारखेचा फरक पाहा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारखाही नीट लिहून काढा. जानेवारीत ऑकलंड यूटीसीच्या १३ तास पुढे आणि लॉस एंजेलिस ८ तास मागे असतं. १० तारखेला रात्री आठला ऑकलंडहून निघालात आणि प्रवास बारा तासांचा धरला, तर लॉस एंजेलिसला १० तारखेलाच सकाळी अकराला उतरता, निघण्याच्या नऊ तास ‘आधी’. परतताना १० तारखेला रात्री दहाला निघालात, तेरा तास धरले, तर ऑकलंडला १२ तारखेच्या सकाळी आठ वाजता. ११ तारीख तुमच्या वाट्याला आलीच नाही. मुक्कामाची खोली त्या रात्रीसाठी घेऊन ठेवली असेल तर पैसे गेले.

याचा कळस पाहायचा तर सामोआ आणि अमेरिकन सामोआ. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरमधून गाळला आणि वाररेषेच्या पलीकडे उडी मारली. सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतलं पागो पागो हे अंतर सुमारे १३० किमी, विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं. रविवारी सकाळी निघा, शनिवारी सकाळी पोचा.

पायरी ८: मध्ये थांबा असेल तर

तिकिटावर ‘डायरेक्ट’ दिसलं म्हणजे विमान मध्ये उतरणार नाही असं समजू नका. डायरेक्टचा अर्थ एवढाच की विमानाचा क्रमांक तोच राहतो. क्वांटसचं क्यूएफ १ सिडनीहून लंडनला जाताना सिंगापूरला उतरतं. कुठेही न उतरणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधा.

थांबा निवडताना अंतराचा हिशेब सगळ्यात जास्त कामाला येतो. लंडन-सिडनी बृहद्वृत्ताने सुमारे १७,०२० किमी. सिंगापूरमार्गे १०,८८० अधिक ६,३०० केले तर दीडशेच किलोमीटरच्या आसपास वाढतात, वाढले म्हणायलाही नको. दुबईमार्गे साडेसतरा हजार, तेही ठीक. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या पुढे. नकाशावर तीनही थांबे सारखेच ‘मधले’ दिसतात. थांब्यामुळे एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढत असेल, तर तिकीट खरोखर स्वस्त असल्याशिवाय मी त्या वाटेला जाणार नाही. थांब्याचा वेळ मोजताना टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि काही देशांत सामान घेऊन पुन्हा देणं हेही धरा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.

पायरी ९: खऱ्या उड्डाणांशी ताडून पाहा

शेवटी, विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाकून मागच्या काही दिवसांची नोंद पाहा. गेटवरून कधी निघालं, कधी पोचलं, कुठून गेलं, सगळं दिसतं. एकाच दिवसाकडे पाहून ठरवू नका. सात-आठ दिवसांतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेळ टिपा आणि कुणाला आणायला जायचं असेल तर त्या दोन्हींच्या मधली वेळ धरा. ज्या मार्गावर अजून नियमित विमान नाही त्याच्यासाठी चाचणी उड्डाणं कामाला येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटसचं विमान लंडनहून सिडनीला कुठेही न उतरता गेलं तेव्हा ते सुमारे १७,८०० किमी उडलं आणि त्याला १९ तास १९ मिनिटं लागली. कमीत कमी अंतरापेक्षा साडेचार टक्के जास्त, म्हणजे चौथ्या पायरीतल्या अंदाजातच.

वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामानुसार बदलतात. प्रवास त्यानंतरचा असेल तर जुन्या नोंदी पाहून काढलेला वेळ पुन्हा तपासा. हिवाळ्यात पश्चिमेला जाणार असाल तर आवर्जून तपासा, कारण जेट स्ट्रीमचा जोर त्याच काळात सगळ्यात जास्त असतो.